छायाचित्र आणि कविता : एक शेजारधर्म

ज्येष्ठाचा वद्यपक्ष अर्धाअधिक उलटला, ज्ञानोबांची पालखी पुणे मागे टाकून दिवे घाटाची वळणे चढू लागली, की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत एक विशिष्ट छायाचित्र हमखास येते : उंचावरून घेतलेले, पताकांची भगवी रेघ घाटाच्या अंगावर उमटलेली, कडेला पहिल्या पावसाने धुतलेले डोंगर, आणि त्या चित्राखाली तितक्याच हमखासपणे एखाद्या अभंगाचा चरण छापलेला असतो. चित्र वाईट नसते, पुष्कळदा ते घेणाऱ्याने पहाटेपासून चिखलात उभे राहून ते मिळविलेले असते; आणि अभंग तर वाईट असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. असे असता, दोन बहुश्रुत माणसे एका बाकावर आणून बसवावीत आणि परस्परांच्या भिडेने दोघांनीही अबोला धरावा, तसे काहीसे त्या पानावर घडते. चित्र अभंगाला चौकट पुरविते, अभंग चित्राला पावती लिहून देतो, आणि वाचक दोहोंपैकी एकाकडेही न पाहता पान उलटतो.

छायाचित्रकाराने आपल्या अंतःकरणातील भावनेला वाटाड्या करावे, आणि त्या वाटाड्याने दाखविलेल्या चित्राला कवितेची जोड द्यावी, ही कल्पना आज इतकी सर्वमान्य झाली आहे की तिच्याविरुद्ध फिर्याद गुदरणारा मनुष्य अरसिक ठरावयाचा. हौशी छायाचित्रकारांच्या वर्गांतून ती उपदेशाच्या रूपाने ऐकू येते. प्रदर्शनाच्या दालनांत चित्राखालच्या पट्टीवर ती चार ओळी होऊन बसते. आणि सकाळी सहाच्या सुमारास भ्रमणध्वनीवर जे सूर्योदय येऊन पडतात, ज्यांच्या अंगावर कोणा अनामिकाची चारोळी गोंदलेली असते, त्यांतही ती कमीअधिक सुसंस्कृत वेषात वावरत असते. मला त्या कल्पनेविरुद्ध फिर्याद करावयाची नाही. तिचा जो बेहिशेबी वापर चालला आहे, त्याचा थोडासा झाडा घ्यावयाचा आहे, एवढेच.

कॅमेरा आपल्याकडे आला तो साक्षीदार म्हणून. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय गृहस्थही होते. आणि कंपनी सरकारला या नव्या विद्येत रस वाटला तो मुख्यत्वे लेणी, देवालये आणि शिलालेख यांच्या हुबेहूब नकला दप्तरी दाखल करता याव्यात म्हणून. नको ते गाळावे, हवे ते वाढवावे, ही जी मुभा चित्रकाराच्या हाताला होती ती या यंत्राला नाही, आणि म्हणूनच त्याची जबानी विश्वसनीय, असा तो सरळ हिशेब होता. भाषेने मात्र या हिशेबात आरंभीच एक गोड घोटाळा करून ठेवला. युरोपात ज्याला ग्रीक धातूंवरून ‘प्रकाशलेखन’ अशा अर्थाचे नाव मिळाले, त्याला आपण छायाचित्र म्हटले. ‘प्रकाशचित्र’ हा शब्द हाताशी असूनही आपली जीभ अद्याप छायेकडेच वळते. ज्या कोणी हे नामकरण केले असेल त्याला मी या विषयावरचा पहिला समीक्षक समजतो.

या साक्षीदाराला पढविण्याचे काम ज्यांनी आरंभीच्या काळात केले, त्यांत कलकत्त्यात जन्मलेल्या एका बाईंचे नाव अग्रभागी येते. ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन (१८१५–१८७९) यांच्या हाती कॅमेरा आला तो १८६३ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मुलीने व जावयाने दिलेली भेट म्हणून. ओल्या कलोडियनच्या काचा, रसायनांनी काळे झालेले हात, आणि काही मिनिटे निश्चल बसण्याची शिक्षा भोगणारे शेजारीपाजारी, असा तो सारा खटाटोप होता. पण त्या खटाटोपात बाईंची एक खोड फार बोलकी आहे. भिंग मागेपुढे करीत असता समोरची आकृती ज्या क्षणी सुंदर दिसू लागे, त्याच क्षणी त्या हात आवरीत. रेषा अधिक धारदार व्हावी म्हणून पुढे जात नसत. तत्कालीन तज्ज्ञांनी याला स्पष्ट शब्दांत अकौशल्य म्हटले, आणि तांत्रिक दृष्ट्या ते खोटेही नव्हते. परंतु १८६७ साली त्यांनी घेतलेला वृद्ध खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांचा चेहरा पाहावा : अंधारातून वर आलेले ते विस्कटलेले पांढरे केस आणि पाण्याने भरल्यासारखे डोळे पाहिले म्हणजे वाटते, की येथे धारदार रेषा असती तर एका विद्वानाची ओळख पटली असती, पण अनंत आकाशाकडे आयुष्यभर पाहून थकलेला मनुष्य आपल्याला भेटला नसता. अस्पष्टपणा हा तेथे आदराचा एक प्रकार झाला आहे.

नवलाची गोष्ट अशी, की याच बाईंनी १८७४-७५ मध्ये, आपले शेजारी महाकवी टेनिसन यांच्या सांगण्यावरून, त्यांच्या आर्थर राजावरील काव्यासाठी चित्रे काढली, तेव्हा ती किमया त्यांना सोडून गेली. मलमलीच्या पडद्यांच्या लाटा झाल्या, भाड्याने आणल्यासारखी चिलखते आली, आणि बाईंचे यजमान चार्ल्स कॅमेरॉन, जे एके काळी हिंदुस्थानच्या कायदेआयोगावर मेकॉलेसाहेबांच्या बरोबरीने बसले होते, ते लांब दाढीनिशी मर्लिन जादूगार होऊन उभे राहिले. (चित्र चालू असता त्यांना हसू आवरत नव्हते, असे समोर उभ्या राहिलेल्या स्त्रीने पुढे नमूद करून ठेवले आहे, कायदेपंडिताची विवेकबुद्धी अशा वेळी जागी राहते ती अशी.) चित्रांसमोरच्या पानांवर कवितेतील उतारे बाईंच्या स्वतःच्या हस्ताक्षरात शिळाछापाने उतरविलेले होते, म्हणजे जिव्हाळ्यात कमतरता नव्हती. उणे होते ते अंतर. हर्शेलच्या चित्रात भावना पाहण्याच्या क्रियेत मुरलेली होती. येथे ती आधीच कवितेत तयार होऊन आली, आणि कॅमेऱ्याला तिची केवळ बजावणी करावयाची उरली. हुकुमाची बजावणी करणारा शिपाई कितीही प्रामाणिक असला तरी त्याच्या चेहऱ्यावर हुकूम दिसतो, मन दिसत नाही.

व्यक्तिगत भावना आणि छायाचित्र यांच्या संबंधाचा खरा कस लागला तो पुढे पन्नास वर्षांनी, आणि तोही अगदी फुकट मिळणाऱ्या विषयावर. न्यूयॉर्कचे आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांच्याविषयी अशी बोलवा झाली होती, की त्यांच्या चित्रांतील सामर्थ्य हे समोर बसलेल्या व्यक्तींवर ते जी मोहिनी घालतात तिचे आहे. या म्हणण्याने डिवचले जाऊन १८६४ साली जन्मलेल्या या गृहस्थांनी १९२२ च्या सुमारास, लेक जॉर्ज येथील आपल्या कुटुंबाच्या वाडीवर, कॅमेरा थेट आकाशाकडे वळविला आणि ढग टिपावयास आरंभ केला. ढगांवर कोणाची मोहिनी चालत नाही, आणि त्यांच्यावर अद्याप कोणी करही बसविलेला नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याच सुमारास त्यांची वृद्ध आई मृत्युपंथाला लागली होती. पहिल्या मालिकेला त्यांनी संगीताचे नाव दिले, आणि १९२५ पासून या चित्रांना ते ‘समतुल्ये’ अशा अर्थाच्या नावाने संबोधू लागले. तळहाताएवढ्या त्या काळसर प्रतींत क्षितिज नाही, झाड नाही, वर-खालीची खूणही बहुधा नाही. जे आहे ते एवढेच, की या ढगाचा आणि माझ्या मनातील अमुक एका अवस्थेचा भार सारखा आहे. अवस्था कोणती, हे ते सांगत नाहीत.

मराठी वाचकाला येथे थबकावेसे वाटले पाहिजे; कारण बाळ सीताराम मर्ढेकर यांनी काव्यातील प्रतिमांच्या संदर्भात जी ‘भावनानिष्ठ समतानता’ आपल्या समीक्षेत आणली, ती जवळजवळ याच जागी येऊन उभी राहते. दोन वस्तू बाह्य साम्यामुळे नव्हे, तर त्यांच्याशी निगडित असलेल्या भावनेचा ताण सारखा असल्यामुळे कवितेत एकमेकींशेजारी येतात, हा मर्ढेकरांचा सिद्धान्त. आणि साहित्याचे माध्यम शब्द नसून भावनात्मक अर्थ आहे, हे त्यांचे आग्रहाचे प्रतिपादन. मर्ढेकरांची लयीची सगळी मांडणी मला पटते असे नाही. कित्येकदा तीत गणिताच्या मास्तरांची छडी ऐकू येते. पण या एका शब्दप्रयोगात त्यांनी छायाचित्रकाराच्याही उपयोगाचे असे एक माप घडवून ठेवले, आणि आपल्याकडील छायाचित्रणाच्या चर्चेने ते मातीत पडू दिले, याची मला खंत वाटते. चंद्राखाली ‘विरह’ असे लिहिणे ही समतानता नव्हे, तो संकेत झाला. आईच्या आजारपणात ढगाचा एक तुकडा आपल्या पापणीइतका जड वाटणे, आणि ते जडत्व चांदीच्या क्षारांत उतरेपर्यंत अंधारखोलीत प्रत पुनःपुन्हा काढीत राहणे, ही समतानता.

आपल्या प्राचीनांनी याच्या दुसऱ्या बाजूचा विचार अधिक खोलवर केला आहे. माझे दुःख हे माझे आहे एवढ्यावरून ते दुसऱ्याला आस्वाद्य होत नाही. ‘माझे’ आणि ‘परक्याचे’ हे कुंपण गळून पडल्यावाचून त्याचा रस होत नाही, असे भट्टनायकाने साधारणीकरणाच्या कल्पनेत सांगितले. आजच्या छायाचित्रकारांपैकी पुष्कळांची गफलत येथे होते. भावना खरी होती याचा पुरावा ते सादर करतात. प्रदर्शनाच्या पत्रकात आजीचे निधन, गाव सुटल्याचे शल्य, एकाकीपणा यांचा तपशील असतो आणि त्याबद्दल सहानुभूती वाटावी असाच तो असतो. परंतु भिंतीवरचे चित्र त्या पत्रकाच्या जामिनावर सुटलेले असते. पत्रक काढून घ्या, की चित्र पुन्हा कोठडीत.

व्यक्तिगत भावनेला जपानी छायाचित्रकारांनी जितके पुढे नेले तितके बहुधा इतर कोणी नेले नसेल, आणि तिचा उबगही त्यांनाच आधी आला. नोबुयोशी आराकी यांनी १९७१ मध्ये आपल्या मधुचंद्राची चित्रे स्वखर्चाने छापली, तेव्हा त्यांनी त्या प्रयत्नाचे नाते त्यांच्याकडील आत्मपर कादंबरीच्या परंपरेशी जोडले. पत्नी १९९० मध्ये वारली, तेव्हा त्या मृत्यूचीही चित्रे त्यांनी पुढल्याच वर्षी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. मासाहिसा फुकासे यांनी पत्नी सोडून गेल्यानंतर होक्काइदोच्या वाटेवर कावळे टिपण्यास सुरुवात केली, आणि १९८६ मध्ये निघालेल्या त्यांच्या ग्रंथात पानोपानी कावळेच आहेत : तारांवर, बर्फात, रात्रीच्या आकाशात चमकत्या डोळ्यांचे ठिपके होऊन. त्या ग्रंथात पत्नीविषयी शोक करणारी एक ओळही असण्याची गरज नाही. दहाव्या कावळ्यानंतर वाचकाचा श्वास आपोआप जड होतो. आणि याच्या उलट टोकाला ताकुमा नाकाहिरा. १९६८-६९ मध्ये ज्या नियतकालिकाचे अवघे तीन अंक निघाले आणि ज्याने जपानी छायाचित्रणाचा चेहरा बदलला, त्या ‘प्रोव्होक’चे ते एक संस्थापक, त्यांच्या मंडळात ताकाहिको ओकादा हा कवीही होता. खरखरीत, हललेली, फोकस सुटलेली चित्रे ही त्या मंडळींची खूण. पुढे १९७३ मध्ये याच नाकाहिरांनी आपल्या शैलीवर खटला भरला. त्या अस्पष्टपणात आपण जगावर आपलेच काव्य लादीत होतो, त्यापेक्षा छायाचित्र वनस्पतिकोशातील आकृतीसारखे कोरडे असावे, अशा आशयाची कबुली त्यांनी दिली, आणि जुन्या निगेटिव्हांपैकी पुष्कळ जाळून टाकल्या. मला हा निकाल अतिरेकी वाटतो. पण ज्याने स्वतः तो गुन्हा उत्तम रीतीने केला होता त्याने दिलेला असल्यामुळे तो सहजी फेटाळताही येत नाही.

आता कवितेच्या शेजाराविषयी. चित्र आणि पद्य एका पानावर नांदविण्याची रीत आपल्याला नवी नाही; रागमालेच्या लघुचित्रांत वरच्या पट्टीत पद्य, खाली नायिका आणि मेघ, आणि कानात कोठेतरी तो राग, असा त्रिवेणी संसार राजस्थानात व दख्खनेत शतकानुशतके चालत आला. पण तेथे तिघेही एका अमूर्त चौथ्याकडे बोट दाखवीत, एकमेकांकडे नव्हे. छायाचित्राच्या बाबतीत पेच असा, की ते स्वतःच एका ठाम वस्तूकडे बोट दाखवून जन्मास येते, आणि कवितेने पुन्हा त्याच वस्तूकडे बोट दाखविले म्हणजे नुसती दुरुक्ती होते. एडवर्ड वेस्टन हे जाणून होते. १९४१ मध्ये व्हिटमनच्या काव्यसंग्रहाच्या एका खास आवृत्तीसाठी अमेरिकाभर मोटारीने हिंडून चित्रे घेण्याचा मक्ता त्यांनी पत्करला, तेव्हा आपण कवितेचे चित्ररूप भाषांतर करणार नाही, ही अट त्यांच्या मनाशी पक्की होती. १९४२ साली ग्रंथ निघाला तो प्रत्येक चित्राखाली व्हिटमनच्या ओळी छापून. वेस्टन खट्टू झाले. व्हिटमनच्या ओळींत उणे काही नव्हते, आणि वेस्टनच्या चित्रांतही नव्हते. प्रकाशकाने दोन स्वतंत्र संस्थानांमधली सरहद्द पुसून टाकली होती.

याउलट, सरहद्द राखून केलेला संसार किती फलद्रूप होऊ शकतो याचे माझ्या आवडीचे उदाहरण टेड ह्यूज आणि फे गॉडविन यांचे, १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘रिमेन्स ऑफ एल्मेट’. यॉर्कशरमधील कॅल्डर नदीचे खोरे ही ह्यूजची जन्मभूमी. गॉडविन बाईंची कृष्णधवल चित्रे त्या खोऱ्यातील बंद पडलेल्या गिरण्या, रिकामी प्रार्थनामंदिरे, दगडी बांधांच्या रांगा आणि पडीक माळ यांची. चित्रांत माणसे फार थोडी आहेत. कवितेत मात्र ती बाहेर पडतात, युद्धाहून परतलेली, यंत्रांनी बहिरी झालेली, मेलेली. चित्र वारा दाखवू शकत नाही आणि कविता तो दगड दाखवू शकत नाही. आणि दोघांनीही एकमेकांचे काम करावयाचे नाकारले, म्हणून वाचकाचे मन दोहोंमधल्या कोऱ्या जागेत ये-जा करीत राहते. आनंदवर्धन ज्याला ध्वनी म्हणतो त्याला वास्तव्यासाठी अशी कोरी जागाच लागते.

ब्रेख्टने तर त्या जागेत सुरुंग पेरला. वृत्तपत्रांतून कापलेली युद्धकाळातील छायाचित्रे आणि प्रत्येकाखाली स्वतःच्या चार सयमक ओळी, असा त्याचा एकोणसत्तर चित्रांचा संग्रह १९५५ साली पूर्व बर्लिनमध्ये निघाला. चित्र म्हणते एक, आणि खालची चौकडी त्याला उलटतपासणीला घेते. आपल्याकडे चारोळीला नाके मुरडणाऱ्यांनी हा ग्रंथ अवश्य पाहावा. चार ओळींचा आकार निर्दोष आहे, दोष त्यांच्या ताबेदार वृत्तीचा आहे. (पॉल एल्युआर आणि मॅन रे यांच्या १९३५ च्या ‘फासील’मध्ये कवितेच्या ओळी चित्रातील देहाच्या वळणाने वळतात, ती एक वेगळीच, प्रेमिकांची, गोष्ट झाली, तिचे अनुकरण सहसा करू नये.)

मराठीचे काय? आपल्या दिवाळी अंकांनी १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून चित्र आणि कविता यांना एका छपराखाली आणले, परंतु बहुतेक वेळा चित्र हे कवितेच्या डोक्यावरची महिरप होऊन राहिले. जे खरोखर घडले ते अनपेक्षित ठिकाणी घडले. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने १९७२ मध्ये मुंबईचा जो भाग कवितेत आणला, त्या मुंबईत जर्मन छायाचित्रकार हेनिंग श्टेगम्युलर हिंडले, आणि दिलीप चित्रे यांनी केलेल्या ढसाळांच्या भाषांतरांबरोबर ती चित्रे २००७ साली एका ग्रंथात आली. ढसाळांची भाषा शिवीपासून स्तोत्रापर्यंत एका ओळीत धावते. श्टेगम्युलरांचा कॅमेरा धावत नाही, तो उभा राहून पाहतो. हा वेगांचा विरोध त्या ग्रंथाला तोलून धरतो. दुःख एवढेच, की हा संसार थाटला गेला तो इंग्रजी भाषांतराच्या घरात, मूळ मराठी शब्दांच्या शेजारी नव्हे. जिच्या मुखातून ती कविता आली त्या भाषेला आपल्या घरचे हे कार्य पाहुणी म्हणून पाहावे लागले.

दुसरे उदाहरण डहाणूनजीकच्या गंजाडचे. छायाचित्रकार गौरी गिल यांनी तेथील वारली चित्रकार राजेश वांगड यांच्यासह त्यांच्याच परिसराची चित्रे घेतली. पण वांगड ज्या घटना सांगत होते त्या चित्रांत कोठेच दिसत नव्हत्या, कारण त्या झाडाखाली घडून गेल्या होत्या आणि झाड तेवढे उरले होते. मग २०१३ पासून त्या छापील प्रतींवर वांगडांनी शाईने रेखाटावयास प्रारंभ केला : वारली रेघेची बारीक माणसे, जनावरे, पेटलेली रात्र, सभा, देव. येथे कविता अक्षरांत नाही, पण छायाचित्राने जे पाहिले नाही ते त्याच्याच अंगावर लिहिण्याचा हा प्रकार मला अनेक सचित्र काव्यसंग्रहांपेक्षा काव्याच्या अधिक निकट वाटतो. छायाचित्र दस्तऐवज राहते आणि स्मृती त्यावर समासात नोंद करते. एकाने दुसऱ्याला खोटे पाडलेले नाही.

वारीच्या त्या चित्राकडे परत येतो. अभंग हा मुळात त्या वाटेवर चालणाऱ्यांच्या तोंडी असतो, टाळांच्या ठोक्यांत, धापेसकट. उंचावरून घेतलेल्या चित्रात कोणाचेच तोंड दिसत नाही. तेव्हा तो चरण कोण म्हणत आहे? चित्र घेणारा म्हणत नाही, कारण तो वर उभा आहे. चालणारे म्हणत असतील, पण ते रेघ झाले आहेत. उरतो उपसंपादक. एखाद्या वर्षी कोणी खाली उतरून, हातभर अंतरावरून, भिजलेल्या पायांचे किंवा रस्त्याच्या कडेला बुक्का पुसत बसलेल्या बाईचे चित्र घ्यावे, आणि त्याखाली गावाचे नाव व वेळ याखेरीज काहीही छापू नये, असे मला फार वाटते. अभंग ज्याच्या त्याच्या कानात आहेतच.

माझे मामा तालुक्याच्या कचेरीत अव्वल कारकून होते आणि त्यांच्यापाशी आग्फाचा क्लिक-थ्री कॅमेरा होता, ज्याच्या एका रोलमध्ये बारा चौकोनी चित्रे निघत. काळ्या पानांच्या आल्बममध्ये ते चित्रे डकवीत, आणि प्रत्येकाखाली पांढऱ्या शाईने, कचेरीतल्याच वळणदार अक्षरात, रोलचा क्रमांक, चित्राचा क्रमांक, स्थळ आणि मिती लिहीत. काव्याशी त्यांचा संबंध मंगलाष्टकांपुरता. त्या आल्बममध्ये एक चित्र मामींचे आहे. त्या पंढरपुरास, घाटाच्या पायऱ्यांवर, हाक ऐकून मागे वळत असाव्यात. पदर आणि चेहरा दोन्ही हलून पांढऱ्या धुराची एक फीत तेवढी उमटली आहे. खाली लिहिले आहे : ‘रोल तिसरा, नववे. वाया गेले.’ आणि त्या वाया गेलेल्या चित्राच्या चारही कोपऱ्यांना, इतर चित्रांना लावले आहेत तसेच, काळजीपूर्वक कापलेले कागदी कोपरे आहेत.